खिशांतील पिस्तुलाची पारख

गेल्या चातुर्मासांत एका स्नेह्यांच्या वाड्यांतील दप्तर पाहण्याचा योग आला. कागद बहुतेक सावकारीचे आणि पेशवाई बुडाल्यानंतरचे. त्यांत विशेष असें कांहीं हातीं लागलें नाहीं. परंतु रुमाल सोडतां सोडतां पेटीच्या तळाशीं, जुन्या खारव्याच्या चिंधींत गुंडाळलेलें, वीतभरही लांब नसलेलें एक पिस्तूल निघालें. "हें दुसऱ्या बाजीरावसाहेबांनीं पुण्यास असतां आमच्या पूर्वजांस बक्षीस दिलें," असें यजमानांनीं सांगितलें, आणि जरा ओशाळून पुढें म्हणाले, "पण मास्तर, तें मोडकें आहे. त्याला चापच नाहीं."

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शब्दरूपें घोकवून घेण्यांत आणि शाळेच्या घंटेबरोबर उठण्याबसण्यांत गेलें. शस्त्रांशीं त्याचा संबंध केवळ वाचनाचा. तथापि परंपरा आणि वस्तु या दोहोंचें एकमेकांशीं जुळतें कीं नाहीं, हें पाहण्याची खोड संस्कृताच्या अध्यापकास असतेच. यजमानांचीं दोन्ही विधानें, म्हणजे पिस्तूल पुण्याच्या पेशवाईंतील असून तें मोडकें आहे, पारखून पाहतांना जें वाचलें व जें प्रत्यक्ष हाताळलें, त्याचें हें टिपण आहे.

शस्त्राची गोष्ट निघाली कीं गोळी केवढी, पल्ला किती, घाव किती खोल, असे प्रश्न प्रथम विचारले जातात. तोफेच्या व लांब बंदुकीच्या बाबतींत तें योग्यच आहे. परंतु जें शस्त्र माणूस रोज अंगावर बाळगतो, आणि बहुधा जन्मांत एकदांही बाहेर काढीत नाहीं, त्याची पारख या प्रश्नांनीं होत नाहीं. तें हातांत असतें पळभर आणि खिशांत असतें वर्षानुवर्षें. खिशांत असतां तें दिसूं नये, टोंचूं नये, अस्तरांत अडकूं नये, घामानें दमट होऊं नये आणि मुख्य म्हणजे आपण होऊन सुटूं नये; इतकें साधून वेळ आली असतां मात्र तें खात्रीनें सुटलें पाहिजे. माझें म्हणणें असें कीं, या जातीच्या पिस्तुलांचा पांचशें वर्षांचा इतिहास हा मुख्यतः गोळीच्या जोराचा इतिहास नसून, तीं स्वस्थ कशीं पडून राहतील या विवंचनेचा इतिहास आहे. विकत घेणारानें आणि घडविणारानें जी निवड केली, ती याच विवंचनेनें केली.

लहान गुप्त शस्त्र आपणांकडे नवें नव्हतें. अमरकोशांत सुरीला असिपुत्री आणि असिधेनुका अशीं गोड नांवें दिलीं आहेत. प्रतापगडाखालील भेटींत (१० नोव्हेंबर १६५९) शिवछत्रपतींनीं वाघनखें वापरलीं कीं बिचवा कीं दोन्ही, याविषयीं साधनांत भेद आहे. परंतु शस्त्र लपणारें आणि मिठींत चालणारें निवडलें होतें, याविषयीं वाद नाहीं. मात्र असल्या शस्त्रांचें ठिकाण कमर, अस्तनी किंवा तळहात हें होतें. खिसा हा शब्दच आपणांकडे अरबी-फारशी 'कीसा' या शब्दावरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ पैशांची पिशवी. आपल्या अंगरख्याला आणि उपरण्याला खिशाचें अगत्य नव्हतें. म्हणून तमंचा आला तो कमरबंदांत किंवा घोड्याच्या खोगिराला. खिशांतलें पिस्तूल वाढलें तें, जेथें तुमानीला आणि कोटाला खिसे शिवले जाऊं लागले त्या युरोपांत. यास्तव पुढील हकीकतींतील बराच भाग तिकडचा आहे.

तोड्याच्या बंदुकीला जळती जामगी लागते, आणि जळती जामगी खिशांत ठेवणारा मनुष्य अद्याप जन्मावयाचा आहे. ही अडचण सोळाव्या शतकाच्या आरंभीं चक्राच्या कळीनें दूर केली. किल्लीनें ताणून ठेवलेलें पोलादी चक्र चाप ओढतांच माक्षिकाच्या खड्यावर फिरे आणि ठिणग्या रंजकांत पडत. विस्तव आतां बाहेर बाळगावयास नको होता. तो यंत्राच्या पोटांत निजलेला होता. सत्ताधाऱ्यांच्या हें तत्काळ ध्यानांत आलें. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन यानें १५१७-१८ च्या सुमारास आपणहून पेट घेणाऱ्या या कळीवर बंदी घातली. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यानें दस्त्यासह पूर्ण एक वार, म्हणजे ३ फूट, न भरणारी हातबंदूक बेकायदा ठरविली; आणि वर्षास १०० पौंडांचें उत्पन्न असणारांस यांतून सूट दिली. एलिझाबेथ राणीच्या १५७९ च्या जाहीरनाम्यांत तर खिशांतील पिस्तुलांचा नांव घेऊन निषेध आहे. पुढें पांचच वर्षांनीं, १० जुलै १५८४ रोजीं, डेल्फ्ट येथें ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याचा स्वतःच्या घराच्या जिन्यापाशीं पिस्तुलानेंच वध झाला. मारेकरी बाल्थाझार जेरार्ड यानें तीं पिस्तुलें विल्यमकडूनच मिळालेल्या पैशांतून घेतलीं होतीं असें सांगतात. तोफा किल्ल्याबाहेर अडवितां येत, पण ही नळी नमस्कार करावयास आलेल्या माणसाबरोबर आंत येई.

चक्राची कळ महाग आणि नाजूक. ती श्रीमंतांपुरतीच राहिली. गारेची कळ स्वस्त व दणकट असल्यामुळें सतराव्या शतकांत तिनें जागा घेतली, आणि येथून आपल्या विषयाचा खरा रसाळ भाग सुरू होतो. नेहमींच्या पिस्तुलाची कळ नळीच्या उजव्या बाजूस बसविलेली असते. घोडा, गार, पोलादी झाकण, रंजकाची वाटी हीं सर्व बाहेर डोकावतात, आणि खिशांतून उपसतांना त्यांपैकीं एखादें अस्तराला धरून बसतें. इंग्लिश कारागिरांनीं अठराव्या शतकांत ही सर्व मांडणी उचलून पिस्तुलाच्या मध्यरेषेवर, एका चपट्या पेटींत आणून ठेविली. घोडा मधोमध आला आणि दोन्ही कुशी सपाट झाल्या. नळी आट्यांची करून उलगडतां येईल अशी केली. ती फिरवून काढावयाची, मागील खोबणींत दारू भरावयाची, वर गोळी ठेवावयाची आणि नळी पुन्हां बसवावयाची. गोळी नळीच्या छिद्राहून किंचित् मोठी असल्यामुळें खिशांत पिस्तूल उलटें झालें तरी ती घरंगळून पडत नसे. तोंडाकडून ठासलेल्या पिस्तुलांत ही भीति नेहमींची होती. शिवाय घट्ट गोळीमागें दारू नीट कोंडली जाऊन जोरही वाढला; परंतु तो लाभ आनुषंगिक समजावा.

उरला चाप. त्याच्याभोंवती कडें ठेवावें तर तें अडकतें आणि न ठेवावें तर चाप उघडा पडतो. यावर जी युक्ति निघाली ती मला फार आवडते. चाप बिजागरीनें दुमडून पोटाच्या खांचेंत बसविला. घोडा उतरलेला असतां तो दिसत नाहीं, बोटाला लागत नाहीं, ओढतांही येत नाहीं. घोडा पूर्ण चढविला कीं आंतील कमानीनें चाप टपकन् खालीं उतरतो. आणखी कित्येक पिस्तुलांत घोड्यामागें एक सरकता खटका असून, तो पुढें लोटला म्हणजे अर्ध्यावर असलेला घोडा आणि रंजकाचें झाकण हीं दोन्ही जखडून जातात. वैयाकरणांच्या भाषेंत सांगावयाचें तर चापाचा येथें लोप आहे, अभाव नव्हे. निमित्त आलें कीं रूप प्रकट होतें. यजमानांसमोर मीं घोडा अंगठ्यानें हळू मागें घेतला. गंजामुळें थोडी कुरकुर झाली, परंतु लवंगेएवढा चाप बाहेर आला. त्यांच्या घरांत निदान तीन पिढ्या हें पिस्तूल मोडकें म्हणून नांदत होतें!

स्कॉटलंडांतील बेलहेल्वी येथील पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्सिथ यानें, ठोक्यानें पेटणाऱ्या मसाल्याच्या कळीचा हक्क १८०७ त मिळविला. त्यांतून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि १८२० नंतरच्या दशकांत ती सर्वत्र पसरूं लागली. गार, झाकण आणि रंजक हीं तिन्ही गेल्यामुळें पिस्तूल आणखी गुळगुळीत व लहान झालें. याच कळीवर फिलाडेल्फिया येथील हेन्री डेरिंजर (१७८६-१८६८) यानें एकबारी आंखूड पिस्तुलें केलीं. गिऱ्हाइकें तीं बहुधा जोडीनें घेत, कारण एका नळीचा भरंवसा नसे. त्यांचा लौकिक एवढा झाला कीं नकला करणारांनीं त्याचें नांवही उचललें. एका कारखान्यानें डेरिंजर आडनांवाचा एक शिंपी गांठून त्याच्या नांवाचा छाप मारला, अशी हकीकत आहे. हेन्री डेरिंजरनें कॅलिफोर्नियांत फिर्याद केली व न्यायालयानें त्याचा हक्क मानला. तरीही लोकांच्या तोंडीं राहिलें तें एक 'र' जास्त घातलेलें चुकीचें लेखन. आपल्या पोथ्यांतील लेखकप्रमाद असेच रूढ होतात.

१४ एप्रिल १८६५ रोजीं वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहांत जॉन विल्क्स बूथ यानें अध्यक्ष लिंकन यांच्यावर झाडलेलें पिस्तूल डेरिंजरचेंच होतें. लांबी ६ इंचांहून थोडी कमी, वजन ८ औंस, म्हणजे आपले सुमारें १९ तोळे. तें अद्याप त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयांत आहे. बूथच्या निवडींतील कमीपणा त्याच क्षणीं दिसला. एक बार होतांच पिस्तूल निरुपयोगी झालें. तें टाकून देऊन मेजर रॅथबोन यांच्याशीं झटापट करतांना त्याला सुरा काढावा लागला. रेमिंग्टन कारखान्यानें १८६६ पासून १९३५ पर्यंत विकलेलें दुनळी पिस्तूल हें या उणीवेचें उत्तर होतें.

धातूच्या काडतुसानें दमटपणाची काळजी संपविली. स्मिथ आणि वेसन यांचें १८५७ चें पहिलें लहान रिव्हॉल्व्हर .२२ बोअरचें आणि सात बारांचें होतें. गोळी क्षुल्लक, पण दारू आणि ठिणगी एका तांब्याच्या कवचांत बंद. मात्र रिव्हॉल्व्हरानें जुनी भीति नव्या रूपानें आणली. खालीं उतरलेल्या घोड्याचें टोंक काडतुसावरच टेकत असल्यामुळें पिस्तूल हातून पडलें तर बार होण्याचा संभव असे. म्हणून सावध लोक घोड्याखालचें घर रिकामें ठेवीत आणि सहाऐवजीं पांचांवर समाधान मानीत. १८८७ त त्याच कारखान्यानें जें रिव्हॉल्व्हर काढलें, त्यांत घोडा सर्वस्वीं आंत झांकलेला होता आणि मूठ घट्ट आंवळल्याशिवाय चाप चालत नसे. खिशाकरितां इतका विचार केलेलें दुसरें रिव्हॉल्व्हर माझ्या वाचनांत नाहीं.

निवडीची एक विलक्षण हकीकत येथें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. २ जुलै १८८१ रोजीं अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडणारा चार्ल्स गिटो यानें 'ब्रिटिश बुलडॉग' जातीचें आंखूड रिव्हॉल्व्हर उसन्या पैशांनीं घेतलें. दुकानांत हस्तिदंती मुठीच्या पिस्तुलाकडे त्याचें मन ओढलें, कारण पुढें संग्रहालयांत तें शोभून दिसेल असें त्याला वाटलें. शेवटीं त्यानें कोणत्या मुठीचें घेतलें याविषयीं कथनांत भेद आहे. तें रिव्हॉल्व्हर पुढें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत पोंचलें आणि तेथून हरवलें. आज त्याचें छायाचित्र तेवढें उरलें आहे. संग्राहकांनीं या गोष्टीचा हवा तसा अर्थ घ्यावा.

या विवंचनेचा शेवट बहुतांशीं एका माणसानें केला. अमेरिकेंतील ऑग्डेन गांवचा जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५-१९२६) यानें बेल्जममधील लीएजजवळच्या हर्स्टाल येथील कारखान्यासाठीं १९०० सालचें ७.६५ मि. मी. चें आपोआप भरणारें पिस्तूल रचलें, आणि १९०६ च्या सुमारास त्याचेंच जणूं पिल्लूं असें ६.३५ मि. मी. चें, केवळ साडेचार इंच लांब, सुमारें ३१ तोळे वजनाचें, सहा काडतुसांचें पिस्तूल बाजारांत आलें. बाहेर डोकावणारा घोडा नाहीं. मुठीच्या मागील पट्टी दाबल्याशिवाय तें सुटत नाहीं. वर तें जाकिटाच्या खिशांत घड्याळासारखें राहतें. त्याची गोळी ५० ग्रेन, म्हणजे जेमतेम सव्वातीन मासे. रेमिंग्टनच्या दुनळीची गोळी साडेआठ माशांहून जड होती. गोळी दुर्बळ म्हणून नांवें ठेवणारे तेव्हांही होते, आणि त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु गिऱ्हाइकांनीं तेंच उचललें. .२२ च्या काडतुसांत पेटणारा मसाला कांठाला असतो व तो क्वचित् दगा देतो. ब्राउनिंगच्या काडतुसांत तो मध्यभागीं असून बार बहुधा चुकत नाहीं. खिशांत निर्धास्त राहणें आणि काढल्यावर न चुकणें या दोन गुणांपुढें माशांचा हिशेब कोणीं फारसा केला नाहीं.

ब्राउनिंग हें नांव महाराष्ट्राला निराळ्या कारणानें परिचित आहे. १९०९ च्या आरंभीं लंडनहून स्वा. सावरकरांनीं चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या खोट्या तळांतून २० ब्राउनिंग पिस्तुलें काडतुसांसह मुंबईस पाठविलीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा होता; वीस बंदुका आणावयाच्या तर गलबत लागलें असतें, हीं वीस पिस्तुलें एका प्रवाशाच्या सामानांत मावलीं. त्यांपैकीं एकानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीं किर्लोस्कर मंडळीचा 'शारदे'चा प्रयोग होता. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशी झाली. आमच्यासारख्या जुने कागद उकरणारांस या प्रसंगीं एक गोष्ट बोंचते. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी, लोक त्यांस पंडित जॅक्सन म्हणत. त्यांनीं जमविलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांवरून एंथोवेन यांनीं केलेले गुजराथ व कोंकण यांचे ग्रंथ १९१४-१५ त निघाले, आणि ते आजही आपण उघडतों. ज्या राज्याचे ते अधिकारी होते त्याच्याशीं कान्हेऱ्यांचें वैर होतें. ग्रंथांशीं कोणाचेंच नव्हतें.

नांवावरून पिस्तूल ओळखण्यांत केवढी चूक होते, याचें उदाहरण साराजेव्होचें. २८ जून १९१४ च्या वधांतील पिस्तूल १९०० सालचें ७.६५ चें ब्राउनिंग, असें पुष्कळ वर्षें ग्रंथोग्रंथीं छापलें गेलें. वस्तुतः तें १९१० च्या नमुन्याचें ९ मि. मी. आंखूड काडतुसाचें होतें, क्रमांक १९०७४. तें ऑस्ट्रियांतील जेझुइट पाद्र्यांच्या संग्रहांतून २००४ त व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयांत आलें. मूळ हस्तलिखित न पाहतां छापील पाठावर विसंबणारांची हीच गत होते.

आजच्या आपल्या देशांत ही निवड कारागिरापेक्षां कायदाच अधिक करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना लागतो, आणि ९ मि. मी. व .४५ हीं काडतुसें सामान्य परवानेदारास निषिद्ध आहेत. म्हणून सरकारी कारखान्यांनीं .३२ बोअरचीं 'अशनि' हें पिस्तूल आणि २०१४ त कानपुरचें 'निर्भीक' हें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर काढलें. इंद्राच्या वज्राचें नांव एवढ्याशा वस्तूला द्यावें हें कालिदासाच्या वाचकास जरा अवघड वाटतें.

आतां यजमानांच्या पिस्तुलाकडे वळूं. कळीला गार नाहीं, टोपी बसविण्याचा खुंट आहे. आणि तो मागून जडविलेला नसून मूळचाच आहे, हें घडणीवरून स्पष्ट दिसतें. पेशवाई १८१८ त संपली. टोपी तेव्हां प्रचारांत नव्हती. सबब पुण्यास असतां बाजीरावांनीं हें दिलें ही परंपरा टिकत नाहीं. पेटीच्या एका कुशीवर इंग्रजी अक्षरांत 'लंडन' असें कोरलें आहे, व त्यावर यजमानांची भिस्त होती. परंतु नळी उजेडांत धरतां खालच्या अंगास एका लंबवर्तुळांत ई, एल्, जी हीं अक्षरें व एक तारा असा बारीक छाप आढळला. हा लीएजच्या परीक्षागृहाचा छाप होय. तेथील कारागीर इंग्लिश नमुने उतरून त्यांवर लंडनचें नांव घालीत, हें प्रसिद्ध आहे. १८९३ पासून या छापावर मुकुट येतो. येथें मुकुट नाहीं. यावरून पिस्तूल सुमारें १८३० ते १८६० या काळांतील, बेल्जममध्यें झालेलें ठरतें.

हें ऐकून यजमान खिन्न झाले, म्हणून त्यांस एक गोष्ट सुचविली. बाजीराव १८५१ च्या जानेवारींत वारले तोंपर्यंत ब्रह्मावर्तास होते, आणि पुण्याकडील माणसांची तिकडे येजा असे. बक्षीस तेथें मिळालें असेल आणि घरांतील सांगण्यांत पुढें ब्रह्मावर्ताचें पुणें झालें असेल, तर काळ जुळतो. मात्र तसा उल्लेख असलेला कागद त्या दप्तरांत मला मिळाला नाहीं, आणि तो मिळेपर्यंत हें अनुमान अनुमानच समजावें. यजमान म्हणाले, "मग वरच्या माडीवरची पेटी एकदां पाहूं." ती दिवाळीनंतर पाहावयाची ठरली आहे.

जातां जातां एक काम उरलें होतें. जुनीं ठासणीचीं हत्यारें पुष्कळदां भरलेलींच सांपडतात, ही सूचना संग्राहकांनीं नेहमीं ध्यानांत ठेवावी. घोडा चढविण्यापूर्वीं मींही ती पाळावयास हवी होती, हें कबूल करतों. नळी आट्यांची असली तरी गंजानें बसून गेली होती. म्हणून उदबत्तीची काडी तोंडांतून अलगद आंत सोडली, कांठाशीं नखानें खूण केली, आणि काडी बाहेर काढून नळीच्या बाहेरील अंगाला लावून पाहिली. मागच्या भिंतीपर्यंत पोंचावयास ती बोटाच्या एका पेराएवढी कमी पडली. यजमानांनीं पिस्तूल पुन्हां खारव्यांत गुंडाळलें, एका कागदाच्या चिठोऱ्यावर "भरलेलें आहे" असें लिहून चिंधीला टांचलें, आणि नातवंडांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर ठेविलें.